ट्रेलरची हवा गळतेय: साबणाचं पाणी की अल्ट्रासॉनिक यंत्र?

रात्री ब्रेकच्या हवेच्या टाक्या भरून गाडी लावली आणि सकाळी दाबाचा काटा तळाला, हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्याकडे दोन्ही आहेत: स्प्रेच्या बाटलीतलं साबणाचं पाणी पहिल्यापासून, आणि हेडफोन लावून वापरायचं अल्ट्रासॉनिक यंत्र बऱ्याच नंतर, मोठ्या हौसेनं घेतलेलं.

दोन्हींपैकी काहीही उचलण्याआधी गळती घोड्यात (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीत) आहे की ट्रेलरमध्ये, तेवढं बघून घ्या. चाकांखाली ठोकळे, टाक्या भरलेल्या, इंजिन बंद. ट्रेलरच्या पुरवठ्याचं लाल बटण बाहेर ओढल्यावर काट्याची घसरण थांबली, तर शोध मागे घ्यायचा. चालूच राहिली तर पुढे. आणि काटा फक्त पेडल दाबल्यावर घसरत असेल तर पेडलची हवा मागे नेणारी निळी (सर्व्हिसची) लाइन, त्या हवेनं चाकाचा ब्रेक दाबणारे ब्रेक चेंबर, त्या बाजूचे जोड बघायचे. अमेरिकेतल्या चालक-परीक्षेत ट्रेलर जोडलेल्या गाडीला ब्रेक सोडलेले असताना मिनिटाला 3 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणि पेडल दाबून 4 पर्यंत घसरण चालते. त्याहून कमी असेल तर मी तरी दिवस वाया घालवत नाही.

यंत्राची बाजू आधी मांडतो, कारण ते वाईट नाही. बारीक फटीतून निसटणारी हवा आपल्याला ऐकू न येणारा आवाजही करते. यंत्र साधारण 40 किलोहर्ट्झच्या आसपासचा तो आवाज पकडून कानाला झेपेल इतका खाली आणतं. त्यामुळे शेजारी इंजिन घरघरत असलं तरी फारसं बिघडत नाही. ट्रेलरच्या कडेनं नुसतं चालत गेलं तरी ‘इथे कुठेतरी आहे’ एवढं कळतं. थंडीत साबणाचं पाणी गोठतं तेव्हा तर यंत्रच कामाचं. शिवाय गळती मोठी असेल तर हवा फेसच उडवून लावते आणि तुम्ही नेमक्या त्याच जोडावरून पुढे सरकता.

माझं बिनसलं ते त्याच्या संवेदनशीलतेच्या बटणावर. लांबून गळती ऐकायची तर बटण वाढवायचं, जवळ गेलं की कमी करायचं, आणखी जवळ गेलं की आणखी कमी. पाठीवर पडून, ग्रीसनं माखलेल्या हातमोज्यांत, एका हातानं टॉर्च धरून हे करून बघा. कमी करायचं राहिलं की मागच्या अॅक्सलजवळचं सगळंच किंचाळायला लागतं, कारण तो आवाज चासीच्या लोखंडावर आपटून परत येतो. अशाच एका दुपारी मी चांगला रिले व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेक चेंबरना हवा सोडणारी झडप) बदलला. नवा बसवला, हवा भरली, हेडफोनमध्ये तीच किंकाळी. शेवटी वैतागून बाटली काढली, तर वीतभर अंतरावर क्लॅम्पला घासून चिरलेल्या नायलॉनच्या नळीवर मोहरीएवढे बुडबुडे. तेव्हापासून माझं मन बाटलीकडे झुकलं ते झुकलंच.

बाटलीचेही नखरे आहेत. ट्रेलरखाली शिरावंच लागतं आणि पाणी बाहीतून थेट कोपरापर्यंत येतं. साबण भांड्यांचा साधा घ्या. अमोनिया असलेलं क्लीनर पितळेच्या जोडांना तडे पाडू शकतं.

एका जागी मात्र दोघंही सारखेच फसवतात. पार्किंग ब्रेक सोडलेला असताना रिले व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून हवा येते आणि पार्किंग ब्रेक लावला की थांबते, तेव्हा व्हॉल्व्ह बहुधा निर्दोष असतो. स्प्रिंग ब्रेक चेंबरच्या (पार्किंगची स्प्रिंग आणि पेडलचा ब्रेक एकत्र असलेल्या डब्याच्या) आतलं सील गेलेलं असतं आणि हवा सर्व्हिसच्या नळीतून उलटी तिथवर येते. मग एकेका चेंबरची सर्व्हिसची नळी सैल करायची. जिथून हवा फुसफुसेल तो चेंबर बदलायचा. स्प्रिंगची बाजू खोलायला मात्र जाऊ नका. ती स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

तुमच्याकडे ट्रेलरांची रांग असेल आणि रोज सगळ्यांवरून झटपट फेरी मारायची असेल, तर यंत्राचा विचार जरूर करा. माझा अनुभव एकाच गाडीचा आहे. माझं यंत्र केबिनच्या कप्प्यात असतं, कडाक्याच्या थंडीतच बाहेर येतं. बाटली दाराच्या खिशात, हाताशी.