१२०० रुपयांत परग्रह दाखवतो म्हणाले, दिसला एकपण नाही, तरी पैसे वसूल

परवा २० डिसेंबरला शनिवारी नाशिकजवळ गिरणारेच्या पुढं एका द्राक्षबागेतल्या फार्महाऊसवर आकाशदर्शनाचा नाईट प्रोग्रॅम होता, तिथं जाऊन आलो. मी, बायको आणि नववीतली पोरगी. माणशी १२००, जेवण-नाश्ता धरून. अमावस्या नुकतीच झालेली, आभाळ एकदम साफ. आयोजकांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तक्रारी भरपूर आहेत आणि पोरं नवीन आहेत, बसू दे धंदा त्यांचा.

आधी तक्रारीच उरकतो. जाहिरातीत ठळक लिहिलेलं की दुर्बिणीतून परग्रह बघा आणि खाली रंगीबेरंगी फोटो. साफ खोटं. दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह असल्या दुर्बिणीतून दिसत नसतो, हे त्यांनीच बोलावलेल्या सरांनी पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांसमोर सांगून टाकलं आणि ते आयोजक पोरगं शेजारी मोबाईल चाळत उभं. ६० माणसांत ८ इंची दुर्बीण एकच, शनीसाठी पाऊण तास लाईनीत. त्यात २०२५ ला शनीची कडी आपल्याला कडेनं दिसत होती, म्हणजे गोळ्यात सुई खुपसल्यासारखी बारीक रेघ, आमच्या पुढचे काका तर "खराब झालंय वाटतं हे" म्हणून निघूनच गेले. पार्किंगमधला हॅलोजन साडेनऊपर्यंत चालू, दोनदा सांगितल्यावर बंद केला. शेजारच्या फार्महाऊसवर कोणाच्यातरी बड्डेचा डीजे. पिठलं गार, भाकरी गार, ठेचा मात्र जबरदस्त. संडास एकच.

आता सर. कुठल्याशा ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, माकडटोपी, मफलर, आणि हातात रव्याच्या लाडवांचा डबा. मला वाटलं खायला आणलेत.

त्यांनी बसल्या बसल्या एकेकाला विचारलं काय करता म्हणून. माझी पाळी आल्यावर म्हणलं अंबड एमआयडीसीत पावडर कोटिंगचं, म्हणजे लोखंडाच्या वस्तूंवर पावडरीचा रंग चढवायचं जॉबवर्क आहे. तर माणूस एकदम खुश, "मग दादा तुम्हीच सांगा, धूळ चिकटते कशी?" आता हे तर माझं रोजचंच. म्हणलं गनमधून पावडर चार्ज होऊन निघते, जॉब म्हणजे रंगवायची वस्तू अर्थ केलेली असते, पावडर पाठीमागून पण वळून चिकटते, पण थर लई जाड करायला गेलं की गळायला लागते. सर म्हणाले बास, इथूनच सुरू करू. नव्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची मोठी थाळी फिरत असते, त्यातली धूळ तुमच्या पावडरपेक्षा पण बारीक, एकमेकांना नुसती टेकली तरी चिकटते, पुढं चार्जची पण मदत होत असावी. पण खडे सेंटिमीटरभराचे झाले की गाडी अडते. मग त्यांनी दोन लाडू पोरीच्या हातात दिले आणि सांगितलं आपट एकमेकांवर. अर्थात भुगा. तो भुगा पुढच्या रांगेतल्या बारक्यांनी संपवला.

आणखी एक भानगड म्हणजे त्या थाळीतला वायू दगडांपेक्षा किंचित हळू फिरतो, त्यामुळं दगडाला कायम समोरून वारा, वेग कमी होत होत तो आत घसरतो, मीटरभराचा धोंडा तर शे-दोनशे वर्षांत ताऱ्यात स्वाहा. मग ग्रह झाले कसे? सर म्हणाले नाशिकच्या द्वारका चौकातलं ट्रॅफिक आठवा. एकटी गाडी सुसाट येते, पुढं घोळका सावकाश सरकतोय, ती त्यात अडकते, मागून दुसरी येते ती पण अडकते. तसंच खड्यांचे घोळके होतात, घोळक्याला वारा कमी लागतो, तो आणखी हळू घसरतो आणि मागचे येऊन त्यात भर घालतात. शेवटी गर्दी एवढी वाढते की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं कोसळून शंभरेक किलोमीटरचा गोळा तयार. द्वारकेवर रोज अर्धा तास घालवणाऱ्या माणसाला हे दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही.

नंतर हवेचा विषय निघाला आणि खरी मजा तिथंच आली. थाळीतला वायू कायमचा नसतो, काही लाख ते फार तर एखाद कोटी वर्षांत तारा तो उडवून लावतो. तेवढ्या मुदतीत ज्या ग्रहाचा गाभा वजनानं पृथ्वीच्या साधारण दहापट झाला त्याची लॉटरी, हायड्रोजन-हेलियम असा ओढत सुटतो की थांबतच नाही, आपला गुरू तसाच वजनानं ३१८ पृथ्वींएवढा झाला. त्यात बर्फाचा हात मोठा, ताऱ्यापासून एका अंतरापलीकडं पाणी गोठतं आणि गाभ्याला जास्तीचा माल मिळतो. निफाडकडं थंडीत बागा वाचवायला रात्रभर शेकोट्या पेटवतात आणि तिकडं ग्रहांचं कल्याणच गोठण्यानं होतं, हे बायकोचं निरीक्षण, माहेर निफाडचं. पीडीएस ७० नावाच्या ताऱ्याभोवती तर दोन ग्रह अजून वायू गिळताना सापडलेत, एक २०१८ ला आणि दुसरा २०१९ ला.

आपल्या पृथ्वीला ती लॉटरी लागली नाही. जो थोडाफार हायड्रोजन पकडला असेल तो उडून गेला आणि आताची हवा सेकंडहँड, आतल्या वितळलेल्या खडकातून, ज्वालामुखीतून निघालेली वाफ, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, काही बाहेरून आदळलेल्या दगडांनी आणलेलं, आणि ऑक्सिजन तर जिवाणूंनी लई नंतर भरला. हवा मिळवणं एक आणि टिकवणं दुसरं. पृथ्वीच्या दीडपट ते दुप्पट आकाराचे ग्रह ताऱ्याजवळ फारच कमी सापडतात, २०१७ साली हे नीट दिसून आलं. कारण काय, तर ताऱ्याच्या अतिनील आणि एक्स किरणांनी हलक्या ग्रहांची हायड्रोजनची रजई ओढून नेली असावी, किंवा गाभ्याच्याच उष्णतेनं ती उडाली असावी, आणि रजई गेली की ग्रह आकसून बारका होतो. भांडण अजून मिटलेलं नाही.

मी विचारलं ग्रह दिसतच नाही तर हवा कळते कशी. सरांनी टॉर्चसमोर चहाच्या ग्लासची कड धरली, उजेड चहातून गाळून आल्यावर रंग बदलतो ना, तसं ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या हवेतून गाळून आलेला उजेड तपासतात, कुठला रंग खाल्ला गेला त्यावरून वायू ओळखतात. वास्प-३९ बी म्हणून ७०० प्रकाशवर्षं लांबचा ग्रह आहे, जेम्स वेब दुर्बिणीनं २०२२ मध्ये त्याच्या हवेत कार्बन डायऑक्साइड पकडला. तिथं तापमान ९०० डिग्री, आमचा ओव्हन २०० ला चालतो तरी दार उघडलं की भुवया भाजतात. आणि ट्रॅपिस्ट-१ नावाच्या ताऱ्याचे सात ग्रह, ४० प्रकाशवर्षांवर, आकारानं पृथ्वीसारखे, त्यातल्या सगळ्यात आतल्यावर २०२३ ला बघितलं तर दिवसाच्या बाजूला २३० डिग्री आणि जाड हवा नाहीच. पोरगी हिरमुसली. सर म्हणाले अजून सहा आहेत की.

मग दिवे बंद करून लेझरनं दाखवलं. पश्चिमेला कललेला भाद्रपदेचा चौकोन, त्याच्या कडेला अगदी पुसट ५१ पेगासी नावाचा तारा. मेयर आणि केलोझ या शास्त्रज्ञांनी १९९५ ला तिथला ग्रह शोधला, २०१९ ला नोबेल. गुरूसारखा मोठा पण ताऱ्याला एवढा खेटून की त्याचं वर्ष सव्वाचार दिवसांचं, बाहेर तयार होऊन आत सरकला असावा म्हणतात. रोहिणीच्या शेजारी एचएल टाऊ नावाचा नवा तारा, साध्या डोळ्यांना तिथं काळोखच, पण २०१४ ला चिलीतल्या अल्मा दुर्बिणीनं त्याच्या थाळीतल्या गोल गोल रेघा टिपल्या, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. फोटो मोबाईलवर बघून परत वर बघितलं, त्या काळ्या जागेकडं किती वेळ बघत बसलो माहीत नाही, तोवर डीजे पण थांबला होता.

बारानंतर निम्मे लोक टेंटात. मघेच्या खाली बोट दाखवून सर म्हणाले तिथं बिभा आहे. २०१९ ला भारतानं एका ताऱ्याला बिभा चौधुरी या भौतिकशास्त्रज्ञ बाईंचं नाव दिलं आणि त्याच्या ग्रहाला संतमस, म्हणजे ढगाळ, त्याची हवा ढगाळ असणार म्हणून. पोरीनं ते हातावर पेनानं लिहून घेतलं, सकाळी मिसळ खाताना तेवढंच पुसलं गेलं म्हणून रडारड.

रेटिंग पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन सरांचे, अर्धा ठेच्याचा. बुकिंगआधी फोन करून विचारा, ते माकडटोपीवाले सर येणार आहेत का. पुढच्या महिन्यात म्हणे दुसरा कोणी येतोय आणि रेट १५०० करतायत, तसं असेल तर आम्ही नाही.