कोरफडीसाठी घेतलेली १२ इंची मातीची कुंडी

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या कंपाउंडला लागून कोरफडीनं असा संसार मांडला होता, की पिल्लांच्या पिल्लांनाही पिल्लं झाली आणि गाडी लावायला जागा उरेना. सगळी खणून काढली, गल्लीत वाटली, एक दणकट रोप तेवढं घरी ठेवलं. त्याच्यासाठी विजापूर रोडला रस्त्याकडेला बसणाऱ्या एकाकडून ही कुंडी आणली. दोनशे सांगितले, एकशे साठला दिली.

कुंडी घेताना टिचकी मारून बघा. खणखणीत वाजली तर भाजणी पक्की. बद्द वाजली तर कुठंतरी तडा आहे, खाली ठेवा. आणि उंच नको, पसरट घ्या. कोरफडीची मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. उंच कुंडीत तळाची माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. शिवाय प्लॅस्टिकची कुंडी वळवाच्या वाऱ्यात पानांच्या भारानं आडवी होते, ही जागची हलत नाही.

खोट आहे ती बुडात. भोक म्हणजे नुसता खळगा होता, विक्रेत्यानं तिथंच खिळा ठोकून मोकळं करून दिलं. बूड सपाट नाही, शहाबादी फरशीवर डुगडुगतं. खाली खापरीचा तुकडा सारलाय. बोअरच्या पाण्यानं बाहेरून पांढरे क्षार फुटलेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ओल बाहेर पडतेय याचीच ती खूण. सासूबाई मात्र फडकं घेऊन पुसत असतात.

सोबत एका नर्सरीतून ‘कॅक्टस मिक्स’ची, म्हणजे निवडुंगासाठीच्या तयार मातीची पिशवी घेतली, ते पैसे पाण्यात. फोडली तर निम्म्याहून जास्त कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा! ते पाणी धरून ठेवतं, आणि कोरफडीला नेमकं तेच नको असतं. शेवटी जाड वाळू, विटांचा चुरा, थोडं जुनं शेणखत असं घरीच कालवलं. बागेतली काळी माती मूठभरच घातली. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, कुंडीत तर तिचा नुसता गोळा होतो.

रोपाची तुटकी मुळं कापून ते दोन दिवस सावलीत उघडंच ठेवलं. काप सुकले की मगच लावायचं आणि पुढं आठवडाभर पाणी नाही. सासूबाई तांब्या घेऊन आल्याच. म्हटलं, “आई, आपल्याकडं नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, आपण मेलो का?” बाहेरची पानं तांबूस पडून जरा चिमली, पण मधून हिरवंगार पान वर आलं.

कुंडीला पाचपैकी चार, एक बुडासाठी कापला. पिशवीला शून्य. त्याच विक्रेत्याकडं १६ इंची पण आहे, पण ती भरल्यावर हलवायला दोघं लागतील.