देवास नाक्याजवळचे ट्रॅक्टर मिस्त्री, इंदूर

आजोबांची तीन सिलिंडरची मॅसी महिनाभर पांढरा धूर ओकत होती, चढावर दम टाकत होती. आधीच्या गॅरेजवाल्याने न उघडताच पंप बदलायला सांगितलं. बाबा तयारही झाले होते! या मिस्त्रीकाकांनी इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, पाइपांचे नट एकेक करून सैल केले. नट सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. पहिला सैल करताच इंजिन अडखळलं. तिसऱ्यालाही तेच. दुसऱ्याला मात्र आवाजात काडीचा फरक नाही. "हाच झोपलाय बघ," काका म्हणाले. इंजेक्टर काढून तपासला तर फवारा नाहीच, नुसते थेंब. नोझल बदललं, डिझेल फिल्टर नवा टाकला, लाइनमधली हवा काढली. धूर गेला. काका एकटेच असतात, त्यामुळे दिवस मोडतो. तरी आमची मॅसी आता दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही.