शिकागोच्या पश्चिम उपनगरातील सार्वजनिक हायस्कूल: खेळांच्या परंपरेचा चार वर्षांचा अनुभव

शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरांत घर शोधताना आपली मराठी कुटुंबे शाळेचे गुणांकन, गणिताचे वर्ग आणि महाविद्यालयीन प्रवेशांची यादी बारकाईने पाहतात, परंतु शाळेचा क्रीडाविभाग कसा आहे हे सहसा विचारत नाहीत. आम्हीही विचारले नव्हते. आमच्या मुलीने अशाच एका सार्वजनिक हायस्कुलात नववी ते बारावीची चार वर्षे काढली, आणि त्या काळातील तिच्या बहुतेक सगळ्या दुपारी मैदानावर गेल्या. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे शाळेचे नाव देत नाही. येथे ज्या गोष्टी लिहिल्या आहेत त्यांतील बऱ्याचशा या पट्ट्यातील इतर सार्वजनिक शाळांनाही थोड्याफार फरकाने लागू पडतील.

सुविधांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्या उत्तम आहेत. शाळेचा खर्च मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून चालतो, त्यामुळे सधन उपनगरातील शाळेकडे बंदिस्त धावपट्टी, जलतरण तलाव आणि प्रकाशझोतांचे अमेरिकन फुटबॉलचे मैदान असते. आपण भरत असलेल्या कराचा एक भाग येथे डोळ्यांना दिसतो. शिकवणीचे शुल्क नाही. दरवर्षी नोंदणीचे आणि प्रत्येक हंगामाला खेळाचे वेगळे शुल्क मात्र भरावे लागते. ज्यांना ते परवडत नाही त्यांना आमच्या शाळेत सवलत मिळत असे, आणि ती मागताना कोणाला संकोच वाटावा असे वातावरण नव्हते.

पहिला अनुभव कटू होता. मुलीला व्हॉलीबॉल खेळायचे होते. ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्यापूर्वीच, तीन दिवस निवडचाचणी झाली आणि तिसऱ्या संध्याकाळी निवडलेल्यांच्या क्रमांकांची यादी लागली. तिचा क्रमांक त्यात नव्हता. निवड झालेल्या बहुतेक मुली सहावी-सातवीपासून खासगी क्लबमध्ये पैसे भरून खेळत आलेल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळले. शाळा सार्वजनिक, मैदान सार्वजनिक, परंतु संघाचा दरवाजा प्रत्यक्षात क्लबच्या वाटेने उघडतो, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. निवड न झालेल्या चौदा वर्षांच्या मुलीशी प्रशिक्षकांनी दोन मिनिटे बोलणे एवढी अपेक्षासुद्धा पुरी झाली नाही. बास्केटबॉल, बेसबॉल आणि सॉकर या खेळांतही निवडीचा प्रकार थोडाफार असाच आहे, हे नववीत येणाऱ्या मुलांच्या पालकांनी आधीच जाणून घ्यावे.

त्याच आठवड्यात एका शेजारणीने क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे गवताळ, चढउतारांच्या वाटांवरील लांब पल्ल्याच्या सांघिक धावण्याचे, नाव सुचवले, कारण आमच्या शाळेच्या त्या संघात कोणालाही वगळले जात नाही. या भागात त्या पद्धतीला मोठा इतिहास आहे. एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कुलात जो न्यूटन यांनी पाच दशकांहून अधिक काळ मुलांच्या क्रॉस-कंट्री संघाला शिकवले आणि २८ राज्य विजेतेपदे मिळवून दिली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघाच्या प्रशिक्षकवर्गात त्यांचा समावेश झाला होता. ते २०१६ मध्ये निवृत्त झाले आणि २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. मला या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांच्या संघात दोनशेच्या आसपास मुले असत, त्यांतील बहुसंख्य मुलांना राज्यस्पर्धेत धावण्याची संधी कधीच मिळणार नसे, आणि तरीही सराव संपल्यावर ते प्रत्येकाशी हस्तांदोलन करत. आमच्या मुलीचे प्रशिक्षकही रोज तेच करत. मैदानाच्या फाटकाशी ते उभे राहत, घामाने निथळणारी मुले एकेक करून पुढे येत, आणि ते प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहून नावानिशी एखादे वाक्य बोलत. नव्वद मुले असतील तर नव्वद वाक्ये. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी गाडीत वाट पाहत असताना त्यांनी तिला विचारलेले मला ऐकू आले, “नडगी आज कशी आहे?” तिची नडगी दुखत होती हे तोवर आम्हालाही तिने सांगितले नव्हते.

दुखापतींच्या बाबतीत या शाळेला मी पूर्ण गुण देईन. शाळेत पूर्णवेळ अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापतींची काळजी घेणारे तज्ज्ञ, आहेत. त्यांनी तिला दहा दिवस धावण्यापासून दूर ठेवले, तलावात व्यायाम करायला लावले आणि बूट बदलायला सांगितले. डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर त्या खेळाडूला लगेच बाहेर काढले जाते आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घेतले जात नाही. इलिनॉयमधील सर्वच शाळांना हा नियम बंधनकारक आहे, आणि येथे तो फुटबॉलच्या महत्त्वाच्या सामन्यातही पाळलेला मी पाहिला. अभ्यासाबाबतही राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेचा नियम कडक आहे. किमान पाच विषयांत उत्तीर्णतेची पातळी राखली नाही तर त्या आठवड्यात स्पर्धेत उतरता येत नाही. खेळामुळे अभ्यास मागे पडेल ही आमची भीती पहिल्या सहामाहीतच गेली. उलट संध्याकाळी उरणाऱ्या तीन तासांचे मोल तिला कळू लागले.

क्रॉस-कंट्रीची गुणपद्धत पालकांनी समजून घेतली तर शर्यत पाहण्याची गोडी फार वाढते. सात जण धावतात, पहिल्या पाच जणांचे क्रमांक मिळवले जातात आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. त्यामुळे शर्यतीचा निकाल बहुधा पहिल्या धावपटूवर ठरत नाही. पाचव्या क्रमांकाची मुलगी गर्दीत किती जणींना मागे टाकते यावर ठरतो. राज्यस्पर्धा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पिओरियाच्या डेटवायलर पार्कमध्ये होते आणि अंतर तीन मैलांचे असते. आमची मुलगी तेथे कधी धावली नाही. नववीत तिला तीन मैलांना २९ मिनिटे लागत, बारावीत २३ पेक्षा थोडी कमी. पण तिच्या संघाला प्रोत्साहन देण्यासाठी आम्ही दोनदा पिओरियाला गेलो. तेथे एकेका वळणावर दोरीला खेटून उभी असलेली माणसे सुरुवातीचा बार ऐकू येताच पुढच्या वळणाकडे धावत सुटतात. हे दृश्य मी कधी विसरणार नाही.

बंदिस्त धावपट्टीच्या भिंतीवर शाळेच्या विक्रमांचे दोन फलक आहेत. मुलांच्या फलकावर फार जुनी वर्षे सापडतात, तर मुलींच्या फलकावरचे सर्वांत जुने वर्ष १९७८ आहे. याचे कारण शाळेच्या बाहेर आहे. शिक्षणात लिंगभेदास बंदी घालणारा टायटल नाइन हा कायदा जून १९७२ मध्ये झाला; त्याआधीच्या शैक्षणिक वर्षात, म्हणजे १९७१-७२ मध्ये, साऱ्या अमेरिकेतील हायस्कुलांत मिळून तीन लाखांहूनही कमी मुली शालेय संघांत खेळत होत्या. आज ती संख्या तीस लाखांच्या पुढे आहे. ज्या मैदानावर माझी मुलगी हक्काने धावली, तेथे माझ्या वयाच्या बायकांच्या आयांना संघच नव्हता. पहिल्या वर्षी मी तो फलक नुसता पाहिला होता. कारण कळल्यावर त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले.

फुटबॉलला मिळणारे झुकते माप मात्र खटकते. शुक्रवारच्या रात्री मार्चिंग बँड वाजतो, आजी-आजोबांपासून लहान भावंडांपर्यंत सगळे गाव बाकांवर असते, आणि होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या, आठवड्यात जुने विद्यार्थी खेळाडू म्हणून मिळालेली, शाळेचे आद्याक्षर असलेली जाकिटे घालून येतात. ते सगळे मनापासून आवडण्यासारखे आहे आणि नव्याने आलेल्या कुटुंबाने एकदा तरी जावेच. परंतु फुटबॉलची बस वेळेवर निघते आणि धावणाऱ्या मुलांची बस दोनदा चाळीस मिनिटे उशिरा येते, हे योग्य नाही. बूस्टर क्लबच्या, म्हणजे खेळांसाठी निधी गोळा करणाऱ्या पालकांच्या मंडळाच्या, देणग्यांचे वाटपही असेच असमान होते. आम्ही पालकांनी लेखी विचारणा केल्यावर तिसऱ्या वर्षी बसचे वेळापत्रक सुधारले, देणग्यांचा प्रश्न तसाच राहिला. वेळापत्रक एका अ‍ॅपवर, निरोप दुसऱ्यावर आणि शुल्क तिसऱ्याच ठिकाणी, हा गोंधळही चार वर्षे संपला नाही.

शेवटच्या हंगामातील ऑक्टोबरची एक शर्यत सांगायची राहिली. पाऊस पडून गेला होता, चिखलात बुटांचे खिळेही धरत नव्हते, आणि ज्युनिअर व्हार्सिटीच्या, म्हणजे मुख्य संघाखालच्या संघाच्या, शर्यतीत नववीची एक मुलगी सर्वांत शेवटी, बाकीच्यांच्या चार मिनिटे मागे, टेकडीवरून उतरत होती. मुख्य संघाच्या मुलींची शर्यत वीस मिनिटांवर आली होती, त्यांनी सरावाचे अंगरखे घातलेले होते, तरी त्या सगळ्या दोरीपाशी येऊन तिच्या नावाने ओरडत राहिल्या आणि ती रेषा ओलांडेपर्यंत हलल्या नाहीत. माझी मुलगी त्यांत होती. नववीत असताना त्या टेकडीवरून शेवटी उतरणारी तीच होती.

ज्यांची मुले येत्या वर्षी नववीत येणार आहेत त्यांनी वैद्यकीय तपासणीचा फॉर्म जूनमध्येच भरून ठेवावा, कारण ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ मिळत नाही आणि तो फॉर्म असल्याशिवाय सरावाला उभे करत नाहीत. बूट धावण्याच्या बुटांच्या दुकानात पाऊल मोजूनच घ्यावेत. आमच्याकडे उन्हाळी सराव सकाळी सातला मैदानाच्या फाटकाशी सुरू होतो, आणि पहिल्या दिवशी एक मैल चालत गेले तरी चालते.