स्टॅट काढायला फासे, पॉइंट बाय की पत्ते? एका हंगामाच्या खेळानंतर

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात गेल्या कापूस वेचणीपासून डंजन्स अँड ड्रॅगन्स सुरू आहे, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांच्या जोरावर गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. नियम २०१४ च्या पुस्तकातले, म्हणजे पाचव्या आवृत्तीचे. डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मी. खेळायला एक झेडपीचे मास्तर, एक कृषी केंद्रवाला, माझा चुलतभाऊ आणि कॉलेजातली भाची. स्टॅट म्हणजे पात्राचे सहा गुण आकड्यांत: ताकद (स्ट्रेंग्थ), चपळाई (डेक्स्टेरिटी), काटकपणा (कॉन्स्टिट्यूशन), बुद्धी (इंटेलिजन्स) वगैरे. या काळात ते काढायच्या तीन पद्धती आम्ही खऱ्या खेळात वापरल्या. महिनोन् महिने चालणाऱ्या खेळाला मी पत्त्यांची पद्धत सुचवतो. ती पुस्तकात नाही, आम्ही घरी बसवली.

सुरुवात फाशांनी केली: प्रत्येक स्टॅटसाठी साधे सहा बाजूंचे चार फासे टाका, सर्वांत लहान सोडा, उरलेले तीन जोडा. १९७४ च्या मूळ खेळात तीनच फासे होते, सरासरी साडेदहा यायची. चारांतून एक सोडला की ती १२.२४ होते. टाकताना मजा खूप येते, सगळे वाकून बघतात. पण या मजेची किंमत नंतर मोजावी लागते. मास्तरांना १७, १६, १४, १३, १२, ११ आले. चुलतभावाला १३, १२, ११, १०, ९, ८. एकाची बेरीज ८३, दुसऱ्याची ६३.

पहिल्या काही बैठकांत कोणाला काही जाणवलं नाही. मग जाणवायला लागलं. मास्तरांचं पात्र फायटर (लढवय्या), चुलतभावाचं रेंजर (रानात वावरणारा लढवय्या). पात्राच्या वंशामुळे स्टॅटला मिळणारा बोनस दोघांनाही मिळाला, तरी हल्ल्याच्या फाशात मिळवायच्या आकड्यात दोनचा फरक राहिला, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर शंभरात दहा वेळा एकाचा वार लागतो आणि दुसऱ्याचा चुकतो. कॉन्स्टिट्यूशन एकाचं १६, दुसऱ्याचं १२. हा फरक दर लेव्हलला, म्हणजे पात्राच्या बढतीच्या प्रत्येक पायरीला, हिट पॉइंट्समध्ये (पात्र किती मार सोसेल त्यात) जमा होत जातो, पाचव्या लेव्हलला दहा पॉइंट्स होतात. चौथ्या लेव्हलला स्टॅट वाढवायला मिळालेले दोन पॉइंट्स चुलतभावाने भरपाईत घातले, मास्तरांनी त्याऐवजी फीट (खास कौशल्य) घेतलं. "दादा, माह्या हातून काईच होत नाई, त्याह्यचंच सारं लागते," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. दिवसभर शेतात राबून माणूस रात्री खेळायला येतो. एका संध्याकाळच्या फाशांमुळे त्याने पुढचे कित्येक महिने मागे राहावं, हे मला पटत नाही.

दुसरा खेळ पॉइंट बायवर, म्हणजे ठरलेल्या पॉइंट्समधून स्टॅट विकत घेण्यावर, मांडला. २७ पॉइंट्स, प्रत्येक स्टॅट ८ पासून १५ पर्यंत. १३ पर्यंत एकेक पॉइंट, १४ आणि १५ ला दोन-दोन. न्यायाच्या बाबतीत याला तोड नाही. पात्र घरी बसून बनवता येतं, व्हॉट्सअॅपवर पाठवता येतं. पण दोघांनी एकमेकांना न विचारता १५, १५, १५, ८, ८, ८ आणले. बलवान माणूस म्हटला की बुद्धी आठ, दरवेळी. चुकलं कोणाचंच नाही, गणितच त्या वाटेला नेतं. स्टँडर्ड अॅरेची (पुस्तकातले तयार आकडे: १५, १४, १३, १२, १०, ८) किंमतही बरोबर २७ च होते. नवख्याला किंवा एका रात्रीच्या खेळाला तो उत्तम.

आता पत्ते. साध्या कॅटमधून दुर्री ते छक्कीपर्यंतचे वीस पत्ते घ्या, एक दुर्री आणि एक छक्की बाजूला ठेवा. उरतात अठरा, बेरीज ७२, म्हणजे अॅरेइतकीच. पिसून तीन-तीनच्या सहा ओळी उघड्या मांडा. ओळीची बेरीज म्हणजे स्टॅट: पहिली ओळ स्ट्रेंग्थ, दुसरी डेक्स्टेरिटी, असं क्रमाने. मग कोणत्याही दोन ओळींची एकदा अदलाबदल करता येते. छक्क्या एका ओळीत गेल्या तर दुसरीकडे तिर्र्या-दुर्र्या पडणारच. नशीब आहे, पण एकूण माप सगळ्यांचं सारखं.

याने पात्रं खरोखर वेगळी निघाली. भाचीला विझार्ड, म्हणजे बुद्धीवर चालणारी जादूगार, करायची होती. सर्वांत मोठी ओळ, १६, तिने इंटेलिजन्सला घेतली, आणि स्ट्रेंग्थला पडलेली १४ तशीच राहिली. पॉइंट बायमध्ये तिने तिथे कधीच पॉइंट्स घातले नसते. आज तिची विझार्ड विहिरीतून जखमी सोबत्याला स्वतः ओढून काढते, आणि ती या पात्रावर फार जीव लावून खेळते. चुलतभावालाही यावेळी दोन ओळी मोठ्या मिळाल्या.

त्रास आहेत. कधी सहाही ओळी ११ ते १३ मध्येच पडतात आणि पात्राला कुठेच धार राहत नाही. म्हणून आमचा नियम: सर्वांत मोठी ओळ १५ च्या खाली असेल तर पुन्हा पिसायचं. १८ ची आशा ठेवणाऱ्याने फासेच घ्यावेत. पत्त्यांत तिन्ही छक्क्या एका ओळीत येण्याची शक्यता १३६ पैकी एक, चार फाशांवर सहा स्टॅटमध्ये एखादा १८ शंभरात नऊ वेळा तरी येतो. शिवाय ओसरीवर पत्ते दिसले की शेजारपाजारचे जुगार समजतात. आम्ही म्हाताऱ्यांना बोलावून कागद, नकाशा, सगळं दाखवलं, तेव्हा बोलणं थांबलं. हे पहिल्याच दिवशी करावं.

एक फायदा गावात राहणाऱ्यालाच कळेल: लाइन गेली, नेटवर्क गेलं, तरी पत्ते चालतात. बाहेरून फासे मागवायची वाट बघावी लागत नाही, कॅट किराणा दुकानात मिळतो. मात्र एखादं पात्र खेळात मेलं आणि नवं काढायचं झालं, तर अठरा पत्ते पुन्हा मोजून घ्या. एखादी तिर्री हरवली असेल तर ७२ ची बेरीज बसत नाही.