टॉर्पेडो हब, 1938: वय नळीवरच ठोकलेला कोस्टर ब्रेक

जुने कोस्टर ब्रेक हब, म्हणजे उलटं पायडल मारलं की ब्रेक लावणारे सायकलच्या मागच्या चाकाचे तुंबे, जमवायला सुरुवात करणाऱ्याने पहिला हब कोणता घ्यावा, असं कुणी विचारलं तर मी टॉर्पेडोच सांगतो. जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फिश्टेल अँड झाक्स कंपनीचा हा हब 1903 सालचा शोध. माझ्याकडचा 1938 चा, आणि हे साल अंदाजाने काढलेलं नाही. नळीवरचा, म्हणजे हबच्या बाहेरच्या कवचावरचा, काळा चिकट थर रॉकेल आणि मऊ पितळी ब्रशने उतरवला, तेव्हा खाली 38 हे आकडे ठोकलेले निघाले.

आकडे नळीवर आहेत, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. ब्रेक आर्म, म्हणजे हबपासून सायकलच्या फ्रेमला जाणारा दांडा, एक नट काढला की सुटतो. चार हातांतून फिरलेल्या हबवर तो भलत्याच हबचा असू शकतो. नळीत मात्र चाकाच्या 36 तारा ओवलेल्या. ती कुणी सहज बदलत नाही.

न्यू डिपार्चर या अमेरिकन कंपनीच्या जुन्या हबांचं तसं नाही. त्यांच्या आर्मवर पेटंटच्या तारखांची रांग असते आणि विकणारे त्यातली सगळ्यात जुनी तारीख हबचं वय म्हणून सांगतात. हे साफ चूक आहे. तेच शिक्के वर्षानुवर्षं वापरात राहायचे. रांगेतल्या शेवटच्या तारखेवरून एवढंच कळतं की हब त्याआधीचा नाही. अमेरिकेत 1927 च्या कायद्याने तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक घालणं आलं, त्यामुळे आर्मवर नुसत्या तारखा असतील तर तो बहुधा त्या सुमाराचा किंवा त्याआधीचा. अमेरिकेतल्याच एल्मायरा गावचा मॉरो हब मात्र टॉर्पेडोच्याही पुढे: त्यावरचं अक्षर वर्षाचं आणि अंक तिमाहीचा.

मुलाम्यावरून वय ठरवणाऱ्यांनी जपून राहावं. निकेल किंचित पिवळसर, क्रोम निळसर, आणि क्रोम बाजारात रुळलं ते 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात, हे खरं. पण नव्याने मुलामा दिलेला हब सर्रास मिळतो आणि त्यासाठी घासताना आकडेही पुसट होतात.

चालायला हब सुरेख आहे. पायडल पुढे मारलं की आतले पाच रोलर आपल्या तिरप्या खाचांवर चढून नळीला आतून पकडतात. पाय थांबले की सुटतात, म्हणून चाक टकटक न करता फिरतं. उलटा दाब दिला की आतला शंकूसारखा भाग (कोन) सरकतो, ब्रेकचं नळकांडं फाकतं आणि चाक बिनधक्क्याचं थांबतं. माझ्या हबच्या रोलरवर एक खड्डा नाही.

लांब उतारावर मात्र तो तापतो, ग्रीस पातळ होतं आणि ब्रेक ओरडायला लागतो. चाक काढायचं तर दर वेळी आर्मला फ्रेमशी बांधणारी पट्टी सोडवावी लागते. सपाट रस्त्याला मला दोन्ही चालतं.

घ्यायचा असेल तर विकणाऱ्याकडे आर्मचा नको, नळी पुसून तिचा चहूबाजूंनी फोटो मागा.