कनेक्टेड कार, काही महिन्यांनंतर: गाडी माझी, चावी जुन्या मालकाच्याही मोबाइलमध्ये

मायलेज, बूट, पिकअप यावर बरंच लिहून झालंय, ते सोडतो. गाडी सेकंडहँड घेतली, चालते छान. माझं भांडण गाडी मोबाइलला जोडणाऱ्या ॲपशी आहे.

एकदा उभ्या गाडीचा एसी आपोआप सुरू झाला. आधीच्या मालकाच्या मोबाइलवर ती अजूनही जोडलेली होती. लोकेशन, दारं, सगळं त्याला दिसत होतं. बटण चुकून दाबलं गेलं म्हणाला, बिचारा ओशाळलाही. माणूस सभ्य होता, म्हणून निभावलं.

सर्व्हिस सेंटर म्हणे, कस्टमर केअरशी बोला. कस्टमर केअर म्हणे, डीलरकडे जा. शेवटी कळलं की कनेक्टेड सेवेची मुदत संपलीय आणि रिन्यू केल्याशिवाय खातं बदलणार नाही. माझ्याच गाडीतून परक्याला बाहेर काढायचे पैसे मी भरायचे? नाही भरले. सेटिंगच्या पोटात कुठेतरी 'फॅक्टरी रीसेट' सापडलं, त्यानं काम फुकटात झालं. हे डीलरला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

हॅकिंग म्हटलं की लोक २०१५ ची जीप चेरोकी आठवतात. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक या सुरक्षा संशोधकांनी म्युझिक सिस्टीमच्या मोबाइल कनेक्शनमधून शिरून हायवेवर धावती गाडी दुरून मंदावली. कंपनीला १४ लाख गाड्यांचा रिकॉल काढावा लागला. गाडीच्या आतल्या कॅन बसवर (गाडीचे छोटे संगणक एकमेकांशी बोलतात त्या जाळ्यावर) मेसेज कोणी पाठवला याची खातरजमाच होत नाही, त्यामुळे एकदा आत शिरलेल्याचं फावतं. पण तेवढी मेहनत माझ्या गाडीवर कोण घेणार? मला भीती ॲपच्या खात्याची आहे. २०१६ मध्ये निसान लीफचा एसी नुसत्या व्हीआयएनवर (गाडीच्या ओळख क्रमांकावर) कुणालाही लावता येत होता, आणि तो नंबर पुढच्या काचेतून वाचता येतो! २०२४ मध्ये संशोधकांनी फक्त नंबर प्लेटवरून किया गाड्या उघडून दाखवल्या. दोन्हीकडे गाडीचा संगणक फोडावाच लागला नाही, ढिलाई सर्व्हरकडे होती. कियाची त्रुटी नंतर बुजवली गेली.

इथवर मी दोनच स्टार देणार होतो. मध्यंतरी ओटीए, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाडीत उतरणारं, अपडेट आलं. रात्री तासभर गाडी अडकवून ठेवली म्हणून आधी वैतागलो. पण आता नवा मोबाइल जोडायचा तर गाडीच्या स्क्रीनवर मंजुरी द्यावी लागते, आणि दार दुरून उघडलं की लगेच नोटिफिकेशन येतं. हे खरंच चोख केलंय. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेचा आर१५५ नियम लागू आहे. माझी गाडी त्याआधीची, म्हणून अपडेट मिळालं याचं जास्तच अप्रूप.

सेकंडहँड घेणाऱ्यांनो, शेवटचा हप्ता देण्याआधी विकणाऱ्याला तुमच्यासमोर ॲपमधून गाडी काढायला लावा. मग घरी येऊन रीसेट मारा.

तीन स्टार. 'जोडलेले मोबाइल' ही यादी मेनूच्या तळातून पहिल्या पानावर आणली, तर चौथा देईन.